वासावर निकाल नको, रक्ततपासणी हवी

'तोंडाला दारूचा वास येत होता.' वाचकहो, हे पाच शब्दांचे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचले आहे. पंचनाम्यात असते, दवाखान्याच्या केस पेपरवर असते, जबाबात तर हमखास असते. लिहिणाऱ्याला ते लिहायला अर्धे मिनिट लागते. ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्या घरच्यांना मात्र ते दोन लाख रुपयांना पडू शकते, आणि कधी कधी त्या माणसाच्या जिवावरही बेतते.

दोन लाखांचे आधी सांगतो. शेतकऱ्याचा शेतात, रस्त्यावर किंवा पाण्यात अपघाती मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. पूर्वी हीच योजना विमा कंपनीमार्फत चालायची. २०२३ पासून कंपनी मधून गेली आणि सरकार स्वतः अनुदान देऊ लागले. वीज पडणे, शॉक लागणे, सर्पदंश, बुडणे, झाडावरून पडणे हे सगळे त्यात बसते. पण न बसणाऱ्या गोष्टींचीही यादी आहे, आणि त्या यादीत एक ओळ अशी आहे की अमली पदार्थांच्या अमलाखाली असताना झालेला अपघात धरला जाणार नाही. दारू यातच मोडते असे धरून चालतात.

आता समजा, मे महिन्यातली सकाळ आहे. गणपतीपुळ्याच्या वरच्या सड्यावर एक खातेदार स्वतःच्या कलमावर झेला घेऊन चढला. फांदी मोडली, माणूस खाली आला. लोकांनी उचलून पडवीत आणून निजवला. कोणी छातीला ब्रँडी चोळली, कोणा शहाण्याने दोन चमचे तोंडातही ओतली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये, पण आपल्याकडे ऐकतो कोण!) मग टेम्पोत घालून दवाखान्यात. तिथे वास आला, तो कागदावर उतरला. माणूस संध्याकाळी गेला. रक्त कोणी घेतले नाही, कारण घ्या असे कोणी म्हटले नाही. पुढे घरातली बाई कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात जाते, तेव्हा समोरचा माणूस बोट ठेवतो ते नेमके त्या पाच शब्दांवर.

इथे तुम्ही म्हणाल, वास हा काही पुरावा झाला का? बरोबर आहे, आणि नाहीही. महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले होते की तोंडाला वास, अडखळते बोलणे, झोकांड्या आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त किंवा लघवी तपासलेली नसताना, माणूस प्यायलेला होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. पन्नास वर्षे वकील मंडळी हा निकाल पुढे करीत आली. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने आणखी एका प्रकरणात दुसरी बाजू दाखवली. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ च्या डिसेंबरात एक महागडी गाडी फुटपाथवर चढून उलटली होती. चालकाची श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नव्हती, दवाखान्याच्या कागदावर वास असल्याची नोंद तेवढी होती. न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तपासणी झाली नाही म्हणून कंपनीचे तोंड बंद होत नाही, इतर परिस्थितीवरून ती नशा सिद्ध करू शकते, असा त्याचा अर्थ.

म्हणजे तपासणी नाही झाली तर आपण सुटलो, ही समजूत आता सोडा. तपासणी नसेल तर कागदावरचा वास शिल्लक राहतो, आणि तो खोडून काढायला तुमच्या हातात काहीच नसते.

मग तपासणी होते कुठे? गणपतीपुळ्याचा माणूस विचारतो तेव्हा त्याला वाटते, रत्नागिरीत एखादे ऑफिस असेल, तिथे गेले की यंत्रात फुंकून दाखला मिळत असेल. तसे नाही. पोलीस प्रकरणातली दारूची तपासणी दोन हातांनी होते. रक्त काढतो नोंदणीकृत वैद्यकीय अधिकारी, म्हणजे आपल्या बाजूला मालगुंडचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो. २०२३ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. ते रक्त तपासते मात्र गृह खात्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. मुंबईला कलिनाला तिचे मुख्यालय आहे, कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी विभागीय शाखा आहेत, रत्नागिरीतही लघु प्रयोगशाळा झाली आहे. आपला नमुना कोणत्या शाखेला गेला, हे ठाण्यात विचारून ठेवावे. विचारण्यात काही गुन्हा नाही.

खाजगी लॅबमध्ये पैसे भरून काढलेला रिपोर्ट घरच्या माहितीला उपयोगी पडतो. पण दारूबंदी कायद्याखालच्या प्रकरणात ती सरकारी तपासणीची जागा घेत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. हजार-दोन हजार खर्च करतात आणि तो कागद कोर्टात बाजूला पडतो.

रक्त कसे काढावे याचेही नियम आहेत आणि ते १९५९ सालचे आहेत. किमान ५ घन सेंटिमीटर रक्त शिरेतून घ्यायचे. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कारण स्पिरिट म्हणजे पुन्हा अल्कोहोलच. रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत ते भरायचे, हलवायचे, चिठ्ठी लावायची, लाखेचे सील करायचे, सोबत ठरलेला फॉर्म द्यायचा आणि नमुना ७ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचेल अशा बेताने पाठवायचा. यातले एक जरी चुकले तरी वकिलाला फट मिळते. आरोपी असाल तर ती फट तुमच्या कामाची. पण तुमच्या भावाला उडवून गेलेल्याच्या रक्ताबद्दल ती राहिली, तर तोच सुटतो. म्हणून नियम सगळ्यांच्याच फायद्याचे आहेत असे मी मानतो.

आकड्यांचेही थोडे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असले की गुन्हा. पहिल्या वेळेला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांचा दंड, किंवा दोन्ही. आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात रेषा ५० मिलिग्रॅमवर आहे. तिच्या वर गेलात की आपण गुन्हा केला नाही हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते. आता शरीराचा हिशेब पाहा. साधारण माणसाच्या रक्तातून दर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम अल्कोहोल उतरते. रात्री ९ वाजता ज्याच्या रक्तात ९० होते, त्याच्यात रात्री १ वाजता ३० उरतात. पहाटे ३ ला जवळजवळ काहीच नाही.

हा हिशेब आपल्या रस्त्यावर घालून बघा. शनिवारची रात्र. आरे-वारेच्या वळणावर पाहुण्याच्या गाडीने सायकलवरच्या आपल्या माणसाला उडवले. घटना जयगड पोलीस ठाण्याकडे की रत्नागिरीकडे, हद्द कोणाची, यात तास गेला. जखमीला उचलण्यात तास गेला, आणि ते योग्यच, आधी जीव. पण चालकाला कोणी विचारले नाही, तो लॉजवर जाऊन झोपला आणि सकाळी आंघोळ करून, गंध लावून ठाण्यात हजर झाला. आता त्याच्या रक्तात काय सापडणार? कायदा सांगतो, अटक झालेल्या चालकाची वैद्यकीय तपासणी दोन तासांत व्हावी. ते दोन तास उगीच घातलेले नाहीत. गणपतीपुळ्याहून रत्नागिरी समुद्राकडून २५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण सुट्टीच्या दिवशी किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. मालगुंड त्यामानाने हाकेच्या अंतरावर. म्हणून माझे म्हणणे, रक्त काढण्याची सोय मालगुंडला रात्रीसुद्धा चालू असली पाहिजे. औषध घातलेल्या बाटल्या, फॉर्म, लाख हे सामान तिथे किती आहे आणि रात्री सही करायला डॉक्टर आहे का, हे आपल्या पंचायत सदस्यांनी जाऊन बघावे. तिथली स्थिती वाईट आहे असे मी म्हणत नाही. बघितलेले कोणी सांगत नाही, एवढेच म्हणतो.

श्वासाच्या यंत्राबद्दल एक गंमत, पण कामाची. २०२५ च्या जुलैमध्ये केरळात पंदळम एसटी डेपोत ड्युटीवर निघालेल्या चालकांना यंत्राने प्यायलेले ठरवले. माणसे शपथेवर सांगत होती की घेतलेली नाही. शेवटी ध्यानात आले की सगळ्यांनी नुकताच पिकलेला फणस खाल्ला होता. न खाल्लेल्याला खायला घालून पुन्हा फुंकायला लावले, तर यंत्राने त्यालाही पकडले! आपल्याकडे बरका फणस कापला की घरभर जो आंबूस वास सुटतो, तो यंत्रालाही कळतो म्हणायचा. काही खोकल्याची औषधे, होमिओपॅथीचे थेंब यांचेही तसेच. पण हा अल्कोहोल तोंडातला असतो, रक्तातला नाही. चूळ भरून पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा फुंकले की आकडा खाली येतो. तेव्हा यंत्राने चुकीचे दाखवले असे वाटले तर भांडू नका, थांबून परत फुंकू द्या म्हणा, आणि तरीही पटत नसेल तर रक्त घ्या म्हणा. फुंकायला नकार देऊ नका. नकारही तुमच्या विरुद्ध जातो.

आता जिवाचे. आपल्या गावात जो झोकांड्या देतो तो प्यायलेला, अशी सरसकट समजूत आहे. 'पिऊन आलाय, निजू दे त्याला,' असे म्हणून ओटीवर टाकून देतात. आंब्याची फवारणी नोव्हेंबर-डिसेंबरपासून चालते. क्विनॉलफॉस, डायमेथोएट अशी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधे ज्याच्या अंगावर आली, श्वासात गेली, तो माणूसही अडखळतो, बरळतो, घामाने भिजतो, तोंडाला लाळ येते. पण त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात. त्याला ॲट्रोपिनचे इंजेक्शन लागते, झोप नव्हे. साखर उतरलेला मधुमेही तसाच वागतो. डोक्याला मार लागून आत रक्त साकळलेला तर हुबेहूब तसाच. त्यातून फवारणीवाल्याने आदल्या रात्री थोडी घेतलेली असली तर वास येणारच, आणि मग दवाखान्यातही पहिली शंका दारूवरच जाते. अशा वेळी बरोबर गेलेल्याने एकच करायचे. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल खिशात घालून न्यायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे.

आणखी एक प्रसंग आपल्या किनाऱ्याला नवा नाही. पुळ्याच्या समुद्रात माणूस बुडतो, प्रेत कधी दोन दिवसांनी लागते. बहुतेक पाहुणे असतात, पण आपलेही असतात, खडपावर कालवे काढायला गेलेले, होडीवरून पडलेले. प्रेत कुजायला लागले की शरीरात जंतूंमुळे आपोआप अल्कोहोल तयार होते. न प्यायलेल्याच्या रक्तातही ते सापडू शकते. म्हणून जाणकार डॉक्टर रक्ताबरोबर डोळ्यातले पाणी आणि लघवीही राखून ठेवतात, कारण तिथे ही लबाडी उशिरा पोहोचते. शवविच्छेदनाच्या वेळी घरच्यांनी, निदान पोलीस पाटलांनी, तशी लेखी विनंती केली तर पुढचा वाद टळतो. मरणोत्तर पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमाखाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तो १९४ कलमाखाली होतो. काम तेच आहे, नंबर बदललाय.

नमुना घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण जीव गेले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्त बदलून दुसऱ्याचे ठेवल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना व एका शिपायाला अटक झाली. खटल्याचे काय व्हायचे ते होईल. पण लाखेचे सील आपल्यासमोर लागले का, बाटलीवर नाव कोणाचे, हे बघायला मृताच्या घरचा एक माणूस तिथे उभा असावा, हे त्या प्रकरणाने सगळ्या महाराष्ट्राला कळले.

दारूचे इतके झाले. गांजा-चरसचे काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या बाजूला कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे इथल्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली, कस्टमने ती किलोंनी उचलली. तेव्हापासून आईबाप घाबरले आहेत, आणि घाबरणे गैर नाही. त्यातून एक नवीन धंदा सुरू झाला आहे. मुलगा उशिरा घरी आला, डोळे लाल दिसले की औषधाच्या दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणतात. पट्टी खोटी नसते, पण अर्धेच सांगते. एकदा गांजा ओढलेल्याच्या लघवीत तो तीन-चार दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या तीन-चार आठवडे. कधी ओढला, किती ओढला, आज नशेत आहे का, यांतले पट्टीला काहीही कळत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतलेल्यालाही ती अफूवाला ठरवते. पक्की तपासणी मोठ्या यंत्रावरच होते. रत्नागिरीतल्या खाजगी लॅबमध्ये नमुना दिलात तर तपासणी इथेच होते की मुंबईला पाठवतात, आणि पट्टीवरची की यंत्रावरची, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

माझे मत विचाराल तर पोराच्या नकळत त्याची लघवी तपासू नये. निघाले तर पोर तुटते, नाही निघाले तर तुमच्यावरचा विश्वास तुटतो. त्यापेक्षा त्याला घेऊन रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जा. नावाला घाबरू नका. १८८६ पासूनची ही संस्था आहे, तिथल्या बाहेरच्या विभागात बसलेला माणूस वेडा ठरत नाही. घरून बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, कोकणातली मुलेही तिथे जातात. जहाजावर नोकरीला निघालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची तपासणी नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, गल्लीतला दाखला चालत नाही.

बागायतदारांनाही एक सांगायचे आहे, रागावू नका. राखणीला ठेवलेला नेपाळी गडी सकाळी तारवटलेला दिसला म्हणून ऐन हंगामात पगार कापून हाकलून देण्याआधी त्याला रात्रभर वानरे आणि रानडुकरे हाकताना किती झोप मिळाली, ते विचारा.

आणि पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) या मंडळींना विनंती. जे नाकाला आले ते लिहा, लपवा असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या पुढे आणखी दोन ओळी लिहा. वास तोंडाला होता की कपड्यांना, अंगाला काही चोळले होते का, फवारणी चालू होती का, रक्त घेतले का, घेतले तर किती वाजता. घेतले नसेल तर का नाही. एवढे असले तर तहसीलदारांच्या समितीसमोर त्या बाईच्या कागदाला काही वजन येते. दावा अपघातानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो, तेव्हा हे सगळे मागाहून जमवायला सवड नसते.

कोणी म्हणेल, रक्त घेतले आणि खरीच दारू निघाली तर? तर निघाली. ज्याने तीन क्वार्टर मारून मोटरसायकल हाकली, त्याच्या वारसाला पैसे मिळवून देण्याची युक्ती मी सांगत नाही. पण योजनेतला शब्द 'अमलाखाली' असा आहे. रक्तात १५ मिलिग्रॅम सापडले की १५० सापडले, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नाकाने ते अंतर मोजता येत नाही, म्हणून तर आकडा हवा. पिणाऱ्याचाही तो हक्कच आहे.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. ग्रामसभेचे हे चार दिवस ठरलेले असतात आणि बहुतेक वेळा रस्ता, पाणी, दिवे यांतच संपतात. पुढच्या सभेत उठून तीन प्रश्न विचारा. मालगुंडला रात्री रक्त काढायला डॉक्टर आणि बाटली आहे का? आपल्या हद्दीत पोलिसांकडे चालू स्थितीतले श्वासाचे यंत्र आहे का, की ते रत्नागिरीहून मागवावे लागते? आणि गेल्या वर्षभरात आपल्या गावातून शेतकरी अपघाताचे किती दावे गेले, किती परत आले आणि परत येताना त्यांवर काय लिहिले होते? उत्तर तोंडी घेऊ नका, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. ३१ डिसेंबरला पुळ्यात पाय ठेवायला जागा नसते, त्याच्या आधी हे झाले तर बरे.